डीएसएलआरला वैतागलोय, स्ट्रीटसाठी छोटा मिररलेस घ्यावा का?

कसबेकर_नील:
नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज धागा काढतोय. आधी येऊन गेला असेल तर लिंक द्या आणि हा उडवा.

माझ्याकडे निकॉनचा डी५६०० आहे, त्यावर १८-१४० लेन्स कायमची चिकटलेली. किल्ले, पक्षी (म्हणजे लांबचे ठिपके), भाच्याची मुंज, सगळं त्याच्यावर झालंय आणि कॅमेऱ्याबद्दल तक्रार काही नाही. पण सध्या रस्त्यावरच्या फोटोंचं वेड लागलंय. रविवारी सकाळी पुण्यात मंडई, तिथून बोहरी आळी, तांबट आळी, पाय शिल्लक असले तर जुना बाजार असा फिरतो, आणि अडचण अशी की ते धूड बाहेर काढलं की समोर जे काय छान चाललेलं असतं ते थांबतंच. भाजीवाल्या काकू पदर सारखा करून सरळ बसतात, पोरं दोन बोटं दाखवत फ्रेममध्ये घुसतात, आणि एखादे आजोबा हमखास विचारतात, "कुठल्या पेपरात येणार?" वर ते जवळजवळ किलोभराचं ओझं सकाळभर गळ्यात.

छोटा मिररलेस (डीएसएलआरसारखा आत आरसा नसलेला) घ्यायचा विचार आहे, सेकंडहॅंडच. डोक्यात फुजीचा एक्स-ई३ नाहीतर एक्स-टी३० आणि त्यावर २७ मिमीची पॅनकेक (चपटी लेन्स), सोनी ए६४००, ऑलिंपस ई-एम१० आणि रिको जीआर ३ आहेत. फुजीच्या एक्स१०० वाल्यांच्या किमती बघून ते पान गपचूप बंद केलं. विचारायचं एवढंच की कॅमेरा लहान झाल्याने खरंच फरक पडतो, की मी नवीन खेळणं घ्यायला कारण शोधतोय?

झकास_बाळू:
खेळणं. मोबाईल आहे ना खिशात? पैसे वाचव, लोणावळ्याला जाऊन ये.

निळाई:
बाळू आला म्हणजे धागा शंभरी गाठणार :) मोबाईलने उन्हात छान येतात रे, पण संध्याकाळी लक्ष्मी रोडवर चालत्या माणसाचा काढून बघ, चेहऱ्याचा लगदा होतो. आणि बटण दाबल्यावर तो नेमका कधी काढतो ते त्यालाच माहीत.

डोंबिवलीचे_अण्णा:
नील, फरक पडतो. पण तुला वाटतोय त्या कारणाने नाही.

लहान कॅमेरा असला तरी लोकांना दिसतोच, आपली माणसं काय आंधळी आहेत का. फरक पडतो तो तुझ्या हाताला. मोठा कॅमेरा पिशवीतून काढायचा, झाकण काढायचं, झूम फिरवायचा, फोकसचा चौकोन चेहऱ्यावर आणायचा, या सगळ्यात चार-पाच सेकंद जातात आणि तेवढ्यात काकूंचा पदर सारखा होतो. लहान कॅमेरा मनगटाच्या पट्ट्याला लटकलेला असतो, चालू असतो, आणि झूमच नसल्यामुळे डोक्यात ठरवायला काही उरत नाही. पण हे तेव्हाच, जेव्हा तू तो आधीच लावून ठेवलेला असतो. नाहीतर मिररलेसवरसुद्धा माणसं मेनूत बोटं घालत उभी असतात, आमच्या फलाटावर रोज बघतो.

लावून ठेवायचा म्हणजे काय ते सांगतो. माझ्याकडे फिल्मच्या काळात याशिका इलेक्ट्रो ३५ होता, त्याच्या लेन्सवर अंतराचे, म्हणजे मीटरमधले आकडे कोरलेले असायचे. आकडा लावायचा, छिद्र बारीक करायचं आणि फोकस विसरून जायचं. हेच गणित आजही चालतं. एपीएस-सी सेन्सरवर (फुजी, सोनी, जीआरचा आकार) २३ ची लेन्स एफ ८ ला (छिद्राचा आकडा, मोठा आकडा म्हणजे बारीक छिद्र) सव्वातीन मीटरवर लावलीस तर साधारण पावणेदोन मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं. जीआरची लेन्स १८.३ ची आहे, तिला एफ ८ ला दोन मीटर लावले की मीटरभरापासून पुढचं सगळं. २७ ला जरा जपून, ती अडीच मीटरवर लावलीस तर दीड-पावणेदोनपासून साडेपाच मीटरपर्यंतच मिळेल, पण बाजारात त्याच्या पलीकडे बघायचंय कशाला? मॉनिटरवर शंभर टक्के मोठं करून कडा तपासणाऱ्यांना हे आकडे सैल वाटतील, त्यांना वाटू देत.

बाकी मग शटर १/५०० च्या खाली जाऊ देऊ नकोस, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ऑटोवर टाक, वरची मर्यादा ६४०० ठेव. चालणारा माणूस १/२५० ला भागतो पण आपणही चालत असतो हे लोक विसरतात. तुळशीबागेच्या बोळात एफ ८ परवडत नाही, तिथे एफ ४ वर ये आणि सरळ ऑटोफोकस वापर.

कसबेकर_नील:
अण्णा _/\_ हे एवढं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं. पण फुजीच्या २७ वर मीटरचे आकडेच नाहीयेत ना?

डोंबिवलीचे_अण्णा:
लेन्सवर नाहीत, स्क्रीनवर पट्टी येते. यातली गोम अशी की या नव्या लेन्सची फोकस रिंग नुसती वायरने मोटारला सांगते, त्यामुळे कॅमेरा बंद करून परत चालू केला की बऱ्याच लेन्स आपली जागा विसरतात आणि तू आपला लावलंय समजून काढत राहतोस. चालू केलं की आधी पट्टीवर नजर टाकायची. ऑलिंपसच्या १७ एफ १.८ ची रिंग मागे ओढली की खरे अंतराचे आकडे उघडे पडतात, मला ती फार आवडते. आणि जीआरमध्ये स्नॅप फोकस म्हणून सोय आहे, बटण अर्धं न थांबवता एकदम खाली दाबलं की ठरवलेल्या अंतरावर काढून मोकळा. यासाठीच लोक त्याच्यावर जीव टाकतात, नाहीतर त्याला ना व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) ना धड बॅटरी.

(जीआर हा मिररलेस की कॉम्पॅक्ट यावर कृपया इथे भांडू नका, लेन्स निघत नाही हे मलाही माहितीये.)

लोकल_प्रवासी:
त्या बॅटरीबद्दल दुजोरा. जीआर ३ ची एक बॅटरी अधिकृत हिशोबाने २०० फोटोंची. फुजी-सोनीचे छोटे तीन-साडेतीनशेच्या आसपास. डी५६०० वरून येणाऱ्याला हा धक्का असतो, त्याची बॅटरी ९०० च्या पुढे जाते. एक जास्तीची बॅटरी धरूनच बजेट लावा.

दुसरं म्हणजे सायलेंट शटर. नवीन कॅमेरा आला की माणूस पहिलं तेच चालू करतो, आवाज नाही म्हणून खूश होतो, आणि संध्याकाळी घरी येऊन बघतो तर प्रत्येक फोटोवर आडवे काळे-पिवळे पट्टे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे हातगाडीवरचा स्वस्तातला एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, आणि इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचतं, त्यामुळे काही ओळी उजेडात आणि काही अंधारात सापडतात. उपाय दोन, १/१०० किंवा १/५० ला काढा, नाहीतर मुकाट्याने मेकॅनिकल शटर वापरा. दुकानांवरचे सरकते एलईडी बोर्ड मात्र १/१०० लाही ऐकत नाहीत, त्यांची लय वेगळीच असते.

आणि त्याच शटरने ढोल-ताशा पथक काढायला जाऊ नका. टिपरू केळ्यासारखं वाकडं येतं. लोकलच्या दारातून बाहेरचं काढलं तर परळच्या चिमण्या तिरक्या, जवळून जाणारी रिक्षा तिरकी. मेकॅनिकल शटरचा 'खट' मंडईच्या गोंगाटात तसाही कोणाला ऐकू येतो?

झकास_बाळू:
परळला चिमण्या उरल्यात का अजून?

लोकल_प्रवासी:
एखाद-दुसरी आहे, बाकी टॉवरच. अवांतर नको बाळू.

गौरी_दादर:
जरा वेगळं लिहिते. वरचं सगळं बरोबर आहे पण तुम्ही सगळे जण "लोकांना कळू नये" याच्याच मागे का लागलाय? मी दादरच्या फूलबाजारात जाते, पहाटे, मुंबईत उजाडायच्या आत तिथे झेंडूचे ढीग लागलेले असतात. माझ्याकडे साधा ऑलिंपस आहे, स्क्रीन वर उचलून कमरेपाशी धरते आणि आधी बोलते. म्हणजे फोटोबद्दल नाहीच बोलत. भाव विचारते, सण असला तर शेवंती कुठून आली विचारते, एखादा गजरा घेते. मग कॅमेरा दिसतोच, मग मावशीच म्हणतात काढ गं माझा पण एक. तो पहिला फोटो पोज दिलेला येतो, तो काढायचा, स्क्रीनवर दाखवायचा, "बाई, किती काळी आलेय मी" वगैरे हसून होतं. आणि त्यानंतर गिऱ्हाईक आलं की त्या मला विसरतात. मला हवा असलेला फोटो तो. सुई दातात धरून दोऱ्याला गाठ मारताना, हाताला पिवळा रंग लागलेला, आणि तोंडाने शेजारणीशी भांडण चालू.

छोट्या कॅमेऱ्याचा इथे उपयोग म्हणजे मी तो चेहऱ्यासमोर धरत नाही, डोळ्याला डोळा राहतो. मोठ्या डीएसएलआरच्या मागे आपला चेहरा गडप होतो आणि लोकांना नेमकं तेच खुपतं असं माझं मत आहे.

आणि हो, पुढच्या खेपेला प्रिंट नेऊन द्यायची. साधी चार बाय सहाची. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो हरवतो, प्रिंट देव्हाऱ्यापाशी लागते.

पोस्टमन_३६:
गौरीताई, आदर आहे, पण याला मी स्ट्रीट म्हणणार नाही, हे पोर्ट्रेट झालं. फ्रेंच फोटोग्राफर कार्टिए-ब्रेसाँ आपल्या लायका कॅमेऱ्याचे चकचकीत भाग काळ्या पट्टीने झाकायचा, कशासाठी? क्षण बिघडू नये म्हणून. विचारून काढलेल्या फोटोत क्षण मेलेला असतो.

गौरी_दादर:
माझा वरचा प्रतिसाद परत वाचा. विचारून काढलेला फोटो मला हवा असलेला नव्हताच, हवा असलेला त्याच्या नंतरचा होता. आणि तुमच्या ब्रेसाँची नोकरी नव्हती हो दादरला :) मी बाई माणूस, त्याच बाजारात दर आठवड्याला जाते, गुपचूप काढून पळाले तर पुढच्या वेळी कोण उभं करेल?

डोंबिवलीचे_अण्णा:
दोघांचंही चालू द्या पण ब्रेसाँ एकटा नका धरू. रघुवीर सिंह (१९४२-१९९९) बघा की. जग काळ्यापांढऱ्यालाच कलात्मक म्हणत होतं तेव्हा हा माणूस इथला रस्ता रंगीत फिल्मवर काढत होता, आणि लांबून झूमने नाही, गर्दीत घुसून. त्याच्या मुंबईच्या फोटोत एका चौकटीत पाच-सहा गोष्टी चालू असतात, काच, आरसा, टॅक्सीचं दार, पलीकडे कोणीतरी भलतंच. आपल्या रस्त्याला ते जास्त शोभतं असं मला वाटतं. एकटा माणूस आणि मागे रिकामी भिंत अशी फ्रेम पुण्यामुंबईत शोधायला गेलास तर दुपार जाईल.

आणि सूनी तारापोरवालांचे जुन्या मुंबईचे फोटो बघा. ते काळेपांढरेच आहेत, पण घरातल्या माणसाने काढलेत हे लगेच कळतं.

पोस्टमन_३६:
ठीक. पण नील, एक सांगतो, झोपलेला हमाल आणि भीक मागणारी म्हातारी सोडून दे. छोटा कॅमेरा हातात आला की पहिल्या महिन्यात प्रत्येक जण तेच काढतो, कारण ते उठून भांडत नाहीत.

निळाई:
+१००

काळा_कोट:
कायद्याचं कोणी विचारलं नाही तरी लिहितो, कारण असे धागे शेवटी तिथेच येतात. सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढायला सरसकट बंदी करणारा कायदा आपल्याकडे नाही. पण म्हणून काहीही चालतं असंही नाही. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवलाय. बाईमाणसाचा खासगी अवस्थेतला फोटो तिला न कळत काढणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. लष्करी हद्द वगैरे ठिकाणी १९२३ चा सरकारी गुपितांचा कायदा (ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट) लागतो, तेव्हा खडकी-देहूरोडला पाटी वाचून वागा. आणि फोटो जाहिरातीला वापरायचा असेल तर त्या माणसाची लेखी संमती घ्या. रेल्वेच्या हद्दीत, मॉलमध्ये, देवळात तिथले नियम चालतात.

व्यवहारात मात्र कलमं कोणी विचारत नाही. कोणी "डिलीट कर" म्हणालं तर करावं. एका फोटोसाठी चौकात हुज्जत घालायची नसते, आणि जमाव जमला की कलमं मलाही आठवत नाहीत.

मिहीर_बर्लिन:
इथे उलटं आहे. १९०७ चा जुना कायदा आहे, माणसाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही, अपवाद आहेत पण वाद होतातच. त्यामुळे इथले स्ट्रीटवाले सावल्या, पाठमोरी माणसं, छत्र्या यावरच जगतात. पुण्यात आलो की मला सुटल्यासारखं होतं, आणि मग गौरीताईंसारखं कोणी लिहिलं की जरा चपापतोही. मी जीआर ३एक्स वापरतो, ४० मिमीवाला. जीन्सच्या खिशात बसतो. नील, व्ह्यूफाइंडर नसल्यामुळे मेच्या उन्हात स्क्रीनवर फक्त आपलंच नाक दिसतं हे ध्यानात ठेव.

सासवडचा_म्हाद्या:
कोणीच पाऊसपाण्याचं बोललं नाही म्हणून लिव्हतो. जून-जुलैत ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्यातून निघून दिवे घाट चढती तेव्हा सगळे कॅमेरे घेऊन तिथं येतात अन् निम्म्यांचे कॅमेरे घाटातच बसतात. एक्स-ई३, एक्स-टी३०, जीआर यातलं काय बी पावसाचं नाही. एक्स१००व्ही ला पुढं अडाप्टर रिंग अन् फिल्टर लावला तरच तो सील होतो, नुसता नाही. ऑलिंपसचा ई-एम५ घेतला तर चालतंय पण लेन्स बी तसलीच पाहिजे, बॉडीला रबर अन् लेन्सला नाही तर पाणी लेन्सकडनं शिरतंय.

माझा उपाय दुधाची पिशवी. धुवून वाळवायची, खालच्या कोपऱ्याला लेन्सपुरतं भोक पाडायचं, रबरबँड लावायचा, छोट्या कॅमेऱ्याला अर्ध्या लिटरची बरोबर बसती. मोठ्याला बसत नाही, हा बी एक फायदा म्हणा.

गुलाल-भंडाऱ्याला मात्र पिशवी बी पुरत नाही. लेन्स आतबाहेर होणारा कॅमेरा भंडाऱ्यात काढूच नका, बारीक पूड नळीतनं आत जाती अन् सेन्सरवर बसती, मग प्रत्येक फोटोत आभाळाला डाग. जेजुरीला तर लेन्स बदलायची म्हणलं तर गावाबाहेर येऊन गाडीत बसून बदला. अन् घरी आल्यावर डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, कोकणातल्यांनी तर नक्कीच, बुरशी धरली की लेन्स गेली समजा.

निळाई:
दुधाच्या पिशवीसाठी वाचनखूण साठवली.

कसबेकर_नील:
एवढं वाचून डोकं भरलं, सगळ्यांचे आभार. ए६४०० बाद, कॅमेरा चांगला आहे पण त्याच्या छोट्या लेन्स मला परवडणाऱ्यात मिळेनात. जीआर मित्राचा हातात घेऊन बघितला, प्रेमात पडलो, पण चष्मा असल्याने स्क्रीनवर भागणार नाही. एक्स-ई३ आणि २७, दोन्ही मिळून चारशे ग्रॅमच्या थोडं वर, यावर येऊन थांबलोय. गौरीताई, त्याची स्क्रीन उचलत नाही, तेवढं खटकतंय. एक्स-टी३० ची उचलते पण त्याचा मधला उंचवटा डीएसएलआरसारखा दिसतो. सेकंडहॅंड घेताना काय बघू?

गौरी_दादर:
उंचवट्याने कोणी घाबरत नाही रे. स्क्रीन उचलणारा घे.

डोंबिवलीचे_अण्णा:
मी उलट सांगेन, चष्मेवाला आहेस, व्ह्यूफाइंडर डाव्या कोपऱ्यात असला की उजवा डोळा लावून डावा रस्त्यावर राहतो, फ्रेममध्ये कोण शिरतंय ते आधी दिसतं. एक्स-ई३ घे.

विकत घेताना मोबाईलचा टॉर्च लेन्समध्ये मागून मारून पुढून बघ, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर नमस्कार करून बाहेर पड. छिद्र एफ १६ ला करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढ, सेन्सरवरची घाण तिथे दिसते. सगळ्या डायल फिरवून बघ, जॉयस्टिक चारही बाजूंना दाब, हॉटशूवर (फ्लॅश बसवायची खाच) घासल्याच्या खुणा बघ, लग्नात राबलेला कॅमेरा तिथे ओळखू येतो. बिल आणि त्यावरचा नंबर जुळतोय ना ते पाहा. मुंबईत आलास तर फोर्टला बोरा बाजारात चक्कर मार, हातात घेऊन बघता येतं, भाव मात्र निम्म्यापासून सुरू कर. आणि ग्रे मार्केटच्या (अधिकृत मार्गाने न आलेल्या) मालाला इथली वॉरंटी नसते, दुकानदार तोंडाने काहीही म्हणो.

लोकल_प्रवासी:
जुन्या २७ ला अॅपर्चरची रिंग नाही, २०२१ च्या डब्ल्यूआर (पाणी-धुळीपासून सील केलेल्या) वालीला आहे. जुनी घेतलीस तर छिद्र कॅमेऱ्याच्या पुढच्या चाकावर येतं. स्वस्त पडते, फोटोत फरक नाही.

कसबेकर_नील:
घेतला! एक्स-ई३ आणि जुनी २७. एका काकांकडून, कपाटात पडून होता. आज सकाळी मंडईत अण्णांच्या पद्धतीने अडीच मीटर लावून फिरलो. अडीच मीटर म्हणजे नेमकं किती तेच हाताला कळत नाहीये, निम्म्या फोटोंत फार जवळ गेल्याने फोकस चुकलाय. काही युक्ती?

डोंबिवलीचे_अण्णा:
घरात शिक. भिंतीपासून टेपने अडीच मीटर मोजून खूण कर आणि तिथून बायकोकडे बघ. २७ मधून उभ्या फ्रेममध्ये त्या अंतरावर माणूस डोक्यापासून साधारण पावलांपर्यंत बसतो. रस्त्यावर कोणाची चप्पल फ्रेममधून जायला लागली की समज आता काढायचा. गुडघे कापले गेले तर तू फार जवळ आलास.

सासवडचा_म्हाद्या:
अन् बायको विचारल काय बघताय, तर खरं सांगू नका, कॅमेऱ्याची किंमत बी सांगावी लागंल.